हाती शिवलेल्या पर्सच्या युनिटमध्ये नवे प्रकार आणायचेत, उरलेल्या चामड्यापासून सुरुवात करावी का?

वागळे_१६

नमस्कार मंडळी. ठाण्यात वागळे इस्टेटला छोटं युनिट आहे, प्रॉडक्शन माझ्याकडे. नऊ कारागीर. महागड्या लेडीज बॅगा, बाहेरची सगळी शिलाई हाताने, दोन सुयांचा टाका. मशीन फक्त अस्तराला. चामडं बहुतेक म्हशीचं, क्रोम टॅन (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं), १.६ मिमी. अस्तराला बकरी ०.७ मिमी. थोडं व्हेज टॅन (झाडांच्या सालींनी कमावलेलं) ३ मिमीचं असतं, ते हँडल आणि पट्ट्यांना. तुकडे भरपूर उरतात आणि सध्या भंगारवाल्याला किलोवर जातात.

मालकांना आता बॅगेच्या पलीकडे जायचंय. त्यांच्या यादीत रेशमी स्कार्फ, घड्याळाचे पट्टे, कार्ड होल्डर, टेबलावरचे ट्रे आणि कोल्हापुरी चपला आहेत. एर्मेस ही फ्रेंच कंपनी घोड्याच्या साजापासून स्कार्फपर्यंत गेली, मग आपण का नाही, असं त्यांचं म्हणणं. मला विचारायचंय ते असं: यातलं आधी काय घ्यावं? बॅगांचं काम न बिघडवता हे कसं बसवायचं? कार्ड होल्डरचे नमुने केले तर कडेला शिवण साडेचार मिमी जाड होते, हातात विटेसारखी लागते, त्याला उपाय काय? आणि जून लागला की एज कलर (चामड्याच्या कडेला लावायचा रंग) सोलून निघतो, तो का? भाव कसा काढायचा हेही कोणी सांगितलं तर बरं.

दोनसुया

मालकांचं उदाहरण बरोबर आहे, पण अर्धंच. एर्मेस १८३७ साली पॅरिसमध्ये घोड्याचा साज करणारं दुकान म्हणून सुरू झालं. पुढे त्यांनी खोगीर ठेवायची उंच पिशवी केली, त्यातून बॅगा आल्या. इथपर्यंत चामडं तेच, टाका तोच, कारागीरही तेच. म्हणजे वस्तू बदलली, हात बदलला नाही. स्कार्फ आला १९३७ ला, तब्बल शंभर वर्षांनी, आणि तो खोगिराच्या कारागिरांनी केला नाही. त्याची छपाई ल्योंजवळच्या रेशीम कारागिरांकडे. घड्याळांसाठी १९७८ ला स्वित्झर्लंडमध्ये वेगळी कंपनी काढली. बूट हवे होते तेव्हा १९७६ ला पॅरिसचं जॉन लॉब घेतलं, चांदीच्या भांड्यांसाठी १९९३ ला प्युइफोर्का. जिथे आपल्या घरात हात नव्हता तिथे त्यांनी तो हात असलेलं घर विकत घेतलं किंवा त्याच्याशी बांधून घेतलं. आपल्या बॅगवाल्यांना कोणी रेशीम छापायला बसवलं नाही.

तेव्हा यादी दोन भागांत करा. तुमच्या नऊ जणांच्या हाताला जे आजच येतं ते एकीकडे: ट्रे, कार्ड होल्डर, घड्याळाचे पट्टे. स्कार्फ आणि चपला दुसरीकडे, कारण त्यांची कला वेगळी आहे आणि ती तुमच्याकडे नाही.

उरलेल्या मालाबद्दल: एर्मेसनेच २०१० साली पेटी आश नावाचा विभाग काढला. सगळ्या कार्यशाळांतून उरलेलं किंवा नापास झालेलं चामडं, रेशीम, काच, चिनी माती, बकला तिथे जमा होतात आणि तिथले डिझायनर ते समोर ठेवून वस्तू सुचवतात. आधी चित्र आणि मग माल, ही नेहमीची रीत. तिथे उलटं चालतं. तुमच्यासाठी घेण्यासारखी गोष्ट हीच. डिझायनरला पोत्यांसमोर बसवा, कॅटलॉगसमोर नको.

बॅगांचं काम बिघडू नये म्हणून एक नियम कडक पाळा. अर्धी शिवलेली बॅग एका कारागिराकडून दुसऱ्याकडे द्यायची नाही. प्रत्येकाचा ताण वेगळा, दोरा ओढायची दिशा वेगळी, त्यामुळे टाक्याचा तिरकेपणा बदलतो आणि पॅनलच्या मध्यावर ते स्पष्ट दिसतं. छोट्या वस्तूंना दोघे जण आठवड्याचे ठरावीक दिवस पूर्ण द्या. ‘मधल्या वेळात करून टाक’ असं सांगितलं की दोन्ही कामं जातात.

रापी_आणि_आरी

तुकड्यांचं आधी बघू, कारण बाकी सगळं त्यावर आहे.

पोत्यात कोंबलेले तुकडे कामाचे नाहीत. कटिंग टेबलाशेजारीच खोके ठेवा आणि कटरनेच टाकताना वेगळं करायचं. पहिली वाटणी क्रोम की व्हेज, कारण पुढची सगळी रीत त्यावर ठरते: व्हेज टॅनची कड पाणी लावून घासली की चकाकते, क्रोमची चकाकत नाही, तिला रंगच लागतो. दुसरी वाटणी जाडीची. तिसरी रंगाच्या लॉटची, कारण एकाच नावाचा टॅन रंग दोन लॉटमध्ये जुळत नाही आणि कार्ड होल्डरच्या पुढच्या-मागच्या बाजूला ते लगेच दिसतं. १० × १२ सेंमी ही कमीत कमी मर्यादा धरा, त्याहून लहान आणि अरुंद ते घड्याळाच्या पट्ट्याच्या खोक्यात. पोटाकडचे सैल, ताणले जाणारे तुकडे वेगळे काढा. ते ट्रेच्या तळाला चालतील, पट्ट्याला किंवा कार्डाच्या खिशाला अजिबात नाही. बोटांनी दोन्ही दिशांना ओढून बघितलं की कळतं.

आता कार्ड होल्डर. बॅगेचं १.६ मिमी चामडं तसंच वापरत असाल तर साडेचार मिमी होणारच. दोन गोष्टी करा.

एक, खिशांचे तुकडे स्प्लिटिंग मशीनवर ०.८ मिमीवर आणा. मशीन नसेल तर जॉबवर्कवर करून मिळतं, धारावीत बरेच जण करतात. तुकडे फार छोटे देऊ नका, ब्लेडखाली वाकडे जातात. आधी मोठा तुकडा पातळ करून घ्या, मग कापा. बाहेरचा तुकडा १.१ ते १.२ ठेवा, त्याहून पातळ केला तर वस्तू मऊ पडते. सगळ्या कडा आतून ६ मिमी रुंदीत ०.५ पर्यंत रापीने सोला.

दोन, खिसे टी आकाराचे कापा. म्हणजे प्रत्येक खिशाचा वरचा साधारण १२ मिमीचा भागच शिवणीपर्यंत जाईल, त्याखालची शेपूट दोन्ही बाजूंनी शिवणीच्या आत राहील. शेपटीचा तळ मागच्या तुकड्याला एका आडव्या टाक्याने धरायचा. असं केलं की तीन खिसे असले तरी शिवणीत कुठल्याही एका जागी एकच खिसा, मागचा तुकडा आणि बाहेरचं चामडं येतं. खालचा शेवटचा खिसा मात्र पूर्ण चौकोनी.

मापं: कार्ड ८५.६ × ५४ मिमी असतं, जगभर तेच. खिशाची आतली रुंदी दोन शिवणींच्या मध्ये ९१-९२ मिमी ठेवा. शिवण कडेपासून ३ ते ३.५ मिमी आत. एकूण रुंदी ९८ ते १००. दोन खिशांच्या तोंडांत १० ते १२ मिमी अंतर. नवीन असताना कार्ड जरा घट्टच बसलं पाहिजे. सुरुवातीलाच सहज सरकलं तर वर्षभरात ढिलं पडून कार्ड खाली सांडतं. ग्राहक घट्टपणाची तक्रार करतात, त्यांना तसं लिहिलेली चिठ्ठी सोबत द्या.

सोल्यूशन (चिकटवायचं) फक्त शिवणीच्या पट्ट्यात, ५ मिमी रुंद. दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मग जोडा. घाईने जोडलं तर आत ओलं राहतं आणि कड घासताना थर उघडतो. एज कलर सोलण्याचं एक कारण तिथेच आहे, पण ते कोणीतरी नीट सांगा.

घणसोली_कटर

भावाचं मी लिहितो. वर ट्रे, कार्ड होल्डर आणि पट्टे एकाच ओळीत ठेवलेत ते मला पटत नाही. चामडं किती लागतं यावरून बघितलं तर पट्टा सगळ्यांत स्वस्त वाटतो, आणि तिथेच फसायला होतं. टाके मोजा.

कार्ड होल्डर, तीन बाजू शिवण: १० + ७.५ + ७.५ म्हणजे २५ सेंमी. ३.३८ मिमीच्या काट्याने (टाक्यांची भोकं पाडायचं दातेरी हत्यार, दातांचं अंतर तेवढं) ७४ टाके. चामडं सगळे थर धरून साधारण ३५० चौ. सेंमी, म्हणजे ०.३८ चौरस फूट (एक चौरस फूट म्हणजे ९२९ चौ. सेंमी).

घड्याळाचा पट्टा, ७५ आणि ११५ मिमीचे दोन तुकडे, दोन्ही कडा शिवायच्या: ३८ सेंमी. इथे काटा ३ मिमीचा घ्यावा लागतो, जाड टाका पट्ट्यावर भद्दा दिसतो. १२५ च्या वर टाके. चामडं अस्तरासकट सव्वाशे चौ. सेंमीच्या आत. म्हणजे एक तृतीयांश चामड्यावर पावणेदोन पट शिलाई.

ट्रे, २२ × २२ सेंमी, ३ मिमी व्हेज टॅन, एकच थर, चारही कोपरे चिमटून बटण: शून्य टाके. कड घासायची, चार भोकं, चार बटणं.

म्हणून भाव काढताना चामड्याच्या चौरस फुटाला गुणून वर टक्के लावायची सवय सोडा. तुमच्या कारागिराचा तासाला सरळ रेषेत किती टाक्यांचा वेग आहे तो घड्याळ लावून एकदा मोजा, भोकं पाडणं आणि दोरा भरणं धरून. मग वस्तूचे टाके भागिले वेग, अधिक कडेचा वेळ. कडेचा वेळ शिलाईइतकाच किंवा जास्त निघेल, बघून आश्चर्य वाटेल. तुकड्यांचं चामडं फुकट धरू नका. भंगाराचा भाव नव्हे, मूळ खरेदीचा निम्मा तरी लावा. नाहीतर माल चालला आणि तुकडे संपले की अख्खं चामडं कापावं लागेल, आणि भाव तोच राहील.

दोऱ्याचं: शिवणीच्या लांबीच्या चौपट, अधिक दोन्ही सुयांना धरायला एकूण ३० सेंमी. जाडी ४ मिमीच्या वर असेल तर पाचपट. कार्ड होल्डरला सव्वा ते दीड मीटर पुरे.

माझा क्रम: ट्रे, मग कार्ड होल्डर, पट्टा शेवटी.

वागळे_१६

खूप उपयोगी. टाक्यांचा हिशोब आजच लावून बघतो. पट्टा शेवटी का, फक्त वेळेमुळे? मालकांचा सगळा जीव त्यातच आहे. आणि एज कलरचं राहिलं.

दोनसुया

फक्त वेळेमुळे नाही. पट्ट्याला घाम लागतो. बकरीचं रंगवलेलं अस्तर उन्हाळ्यात मनगटावर रंग सोडतं, तेव्हा आत न रंगवलेलं किंवा चांगलं पक्क्या रंगाचं व्हेज टॅन हवं, ते तुमच्याकडे पातळ नाही, वेगळं आणावं लागेल. शिवाय मापात चूक चालत नाही. घड्याळाकडची रुंदी १८, २० किंवा २२ मिमी, २० च्या जागी २०.५ झाला तर बसतच नाही आणि १९.५ झाला तर फट दिसते. आणि एज कलरचे थर रुंदी वाढवतात हे विसरू नका, म्हणून डाय (कापायचा साचा) ०.३ ते ०.४ मिमी कमी ठेवायचा.

जाडी घड्याळाकडे ४ मिमीच्या आसपास, टोकाकडे २ ते २.५. ही उतरंड मधल्या भरावाला सोलून आणायची, बाहेरच्या चामड्याला नाही. स्प्रिंग बारची (पट्टा घड्याळाला धरणारी बारीक दांडी) नळी करताना चामडं बारभोवती फिरवून चिकटवतात, तिथे ०.६ मिमीच्या वर जाडी राहिली तर बार आत जात नाही. आणि वळवताना बाहेरचं तोंड तडकू नये म्हणून ते सपाट चिकटवायचं नाही, बोटावर वाकवून चिकटवायचं. सपाट चिकटवलेला पट्टा मनगटावर वाकला की आतल्या अस्तराला सुरकुत्या पडतात. नव्या पट्टेवाल्यांचा माल ओळखायचा तो त्या सुरकुत्यांवरून.

कळवा_कडा

एज कलर. पावसाळ्यात सोलतो याची कारणं सहसा तीन असतात आणि तिन्ही एकत्र येतात.

पहिलं, चामडंच ओलं. ठाण्यात जून ते सप्टेंबर हवेत ८० टक्क्यांच्या वर ओलावा असतो आणि चामडं तो पिऊन घेतं. वर रंगाचा थर बसतो, पुढे एसी दुकानात वस्तू वाळून आकसते, थर आकसत नाही, सुटतो. दुसरं, थर जाड. पाण्यावरचा रंग बाहेरून वाळल्यासारखा दिसतो, आत ओला असतो, त्यावर दुसरा हात दिला की आतला कधीच नीट वाळत नाही. तिसरं, कडेवर मेण, तेल किंवा बाहेर आलेलं सोल्यूशन. मेण लावलेल्या दोऱ्याने शिवून मग कड घासता, तेव्हा मेण कडेवर पसरतं.

करायचं असं. हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजायला) लावा, स्वस्त मिळतो. कडेचं काम एका बंद खोलीत, डीह्युमिडिफायर किंवा ड्राय मोडवरचा एसी, ५० ते ६० टक्के. कापलेले तुकडे रंगाच्या आधी एक रात्र त्या खोलीत ठेवा. कड २४० च्या कागदाने सपाट करा, मग ४००. थरांमधली रेघ नखाला लागता कामा नये. लागत असेल तर ती जोडणीची चूक आहे, रंगाने झाकू नका, पुन्हा चिकटवा. स्पिरिटने हलकं पुसा, पण आधी कोपऱ्यावर बघा, काही फिनिश स्पिरिटने उतरतात.

पहिला हात अगदी पातळ, रंगात थोडं पाणी, तो चामड्यात शिरायला हवा. वाळल्यावर गरम इस्त्रीने कड दाबून घ्या, उभे राहिलेले तंतू बसतात. ६०० ने हलकं घासा. मग दुसरा, तिसरा, लागला तर चौथा, प्रत्येक पातळ, प्रत्येकाच्या मध्ये घासणं. वाळला की नाही हे घड्याळावर ठरवू नका. नख दाबून खूण राहिली तर थांबा. कोरड्या दिवसांत पाऊण तासात होणारं काम पावसाळ्यात दीड-दोन तास घेतं, आणि हा वेळ दिवसाच्या उत्पादनाच्या आकड्यात धरलेला नसतो म्हणून कारागीर घाई करतात. दोष त्यांचा नाही. शेवटी मेणाचा हलका हात आणि सुती कापड.

तुकड्यांची खोकी प्लास्टिक पिशवीत बांधून ठेवू नका. व्हेज टॅनला बुरशी सगळ्यांत आधी लागते. पुठ्ठ्याचं खोकं, भिंतीपासून वीतभर लांब, जमिनीवर नाही. पितळी रिव्हेट आणि बटणं चामड्यात बसवून साठवली तर चामड्यातल्या तेलाने हिरवा मेणचट थर येतो. ट्रेची बटणं पितळीच हवी असतील तर माल जाण्याच्या आठवड्यातच बसवा.

रापी_आणि_आरी

स्कार्फच्या तपशिलाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून थोडं. ९० × ९० सेंमीचा चौकोन, १८ मॉमीचं (रेशमाच्या वजनाचं माप) ट्विल रेशीम. मॉमी गुणिले ४.३४ केलं की चौरस मीटरला ग्रॅम येतात, म्हणजे ७८. स्कार्फचं क्षेत्र ०.८१ चौ. मी., वजन ६३ ग्रॅमच्या आसपास. एर्मेसचा स्कार्फही साधारण ६५ ग्रॅमचाच. म्हणजे कापड मिळवणं ही अडचण नाही. अडचण आहे छपाई आणि कड. स्क्रीनने छापायचं तर प्रत्येक रंगाला वेगळा स्क्रीन, आणि त्यांच्याकडे एका डिझाइनला पंचवीस-तीस रंग सहज असतात. चार बाजूंची ३.६ मीटर कड हाताने गुंडाळून अदृश्य टाक्याने शिवायची. भिवंडी हाकेच्या अंतरावर आहे, पण तिथला जोर पॉवरलूमच्या सुती-सिंथेटिक कापडावर, तिथून हे होणार नाही. डिजिटल छपाईचा स्कार्फ निघेल, पण तो तुमच्या बॅगेच्या शेजारी ठेवण्यासारखा नसेल.

रेशीम हवंच असेल तर ते चामड्यात आणा. पैठणीचे काठ विणकरांकडून मीटरवर घेता येतात, येवल्याला विचारा. कार्ड होल्डरच्या किंवा ट्रेच्या मधल्या खळग्यात बसवायचे. मागे सुती फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं कापड) लावा, नाहीतर कापल्याबरोबर धागे सुटतात. चारही बाजूंना १० मिमी चामड्याखाली जाऊ द्या. जरीचा धागा कोपऱ्यावर किंवा घडीवर आणू नका, वाकला की तुटतो आणि टोकं वर येऊन टोचतात. सोल्यूशन रेशमाला थेट लावलं तर आरपार डाग, तेव्हा फक्त कडेच्या त्या १० मिमीत. आणि रेशीम चामड्याच्या पातळीपेक्षा अर्धा मिमी तरी खाली राहिलं पाहिजे, म्हणजे घासलं जात नाही.

घणसोली_कटर

चपलांचं एवढंच: कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, महाराष्ट्रातले चार जिल्हे (कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर) आणि कर्नाटकातले चार. ठाणे त्यात नाही. वागळेत केलेली चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून विकता येणार नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने तशाच सँडल दाखवल्या, सुरुवातीला उगमाचं नाव घेतलं नाही आणि केवढा गदारोळ झाला ते मालकांना आठवत असेलच. हवी असेल तर त्या जिल्ह्यांतल्या कारागिरांकडून करून घ्या, त्यांच्या नावाने विका, तुमच्याकडून फक्त डबी आणि पिशवी. चपलेचा तळ, वेणी, पाण्यात भिजवून ठोकणं, यातलं तुमच्या नऊ जणांना काहीच येत नाही आणि यायची गरजही नाही.

बिलाचं बघून घ्या, प्रकार वाढले की एचएसएन (जीएसटीच्या बिलावरचा मालाचा कोड) बदलतो. बॅग, पाकीट, कार्ड होल्डर ४२०२. कमरेचा पट्टा ४२०३. घड्याळाचा पट्टा ९११३. ट्रेचं तुमच्या सीएला विचारा, ४२०५ मध्ये बसेल असं वाटतं, पण त्यांच्याकडून लिहून घ्या. सॉफ्टवेअरमध्ये सगळं ४२०२ वर टाकून ठेवलेलं असतं आणि वर्षअखेरीला बसून सुधारावं लागतं.

वागळे_१६

सोमवारपासून कटिंग टेबलाला सहा खोकी लावतोय: क्रोम जाड, क्रोम पातळ, व्हेज, बकरी, पोटाकडचं आणि अरुंद. ट्रेच्या डायचं माप २२ ठेवू की २४? व्हेजच्या पट्ट्या बहुतेक २३ सेंमी रुंदीच्या उरतात.

घणसोली_कटर

मग २२. बाजूला अर्धा-अर्धा सेंमी सुटतो तो हवाच, कारखान्यातून आलेली कड सैल असते.